काडतुसांच्या दुकानातले पक्षी

बंदुकीच्या दारूची जाहिरात करायची, तर चित्र कशाचे काढायचे? (दारू हा शब्द या लेखात शेवटपर्यंत याच अर्थाने येणार आहे, हे दिवाळीच्या दिवसांत आधीच सांगून ठेवतो.) दारू म्हणजे करडे, बारीक दाणे. एका कारखान्यातून ते निघतात आणि बहुतेक करून दुसऱ्या कारखान्यात जातात. तिथे कागदी काडतुसाच्या बुडाशी ते भरतात, वर बूच बसवतात, त्यावर शिशाचे छर्रे ओततात आणि तोंड मिटवून टाकतात. शिकाऱ्याच्या हाती पडते ते हे मिटलेले काडतूस. आतला माल त्याला दिसत नाही, आणि चाप ओढल्यावर तो उरतही नाही. साबणवाल्याला साबण दाखवता येतो, चहावाल्याला वाफाळता कप. दारूवाल्याने काय दाखवावे?

ड्युपाँट ही अमेरिकन कंपनी आज आपल्याला नायलॉन आणि टेफ्लॉनमुळे माहीत आहे. १८०२ साली डेलावेअर राज्यात, ब्रँडीवाइन नावाच्या छोट्या नदीकाठी ती सुरू झाली ती मात्र दारूची गिरणी म्हणून, आणि पुढची शंभर वर्षे तिचा मुख्य धंदा तोच राहिला. खाणवाल्यांना, रेल्वेचे बोगदे खोदणाऱ्यांना, सैन्याला आणि शिकाऱ्यांना ती दारू पुरवी. यातले पहिले तिघे मोठे गिऱ्हाईक. त्यांच्याशी बोलणी होत, करार होत. शिकारी मात्र देशभर विखुरलेला, आपापल्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन काडतुसांचा एखादा खोका मागणारा. खोका विंचेस्टरचा असो, रेमिंग्टनचा असो की पीटर्सचा, आत दारू ड्युपाँटची आहे ना, एवढे त्याने दुकानदाराला विचारावे अशी कंपनीची इच्छा. त्यासाठी त्याच्या मनात घर करील असे काहीतरी हवे होते. आधी कंपनीने एडमंड ऑस्टहाउस या चित्रकाराकडून शिकारी कुत्र्यांची चित्रे काढून घेतली. ती उत्तम आहेत. पण कुत्रा ज्याच्याकडे टक लावून पाहतो, ते खरे आकर्षण. शेवटी कंपनी तिथे पोचली.

व्यवसायाने मी उपयोजित चित्रकार. कॅलेंडरे, वेष्टणे आणि दुकानाच्या पाट्या करण्यात हयात गेली. विल्मिंग्टनजवळ मुलीकडे राहण्याचा योग आला, तेव्हा ब्रँडीवाइनकाठच्या त्या जुन्या गिरण्या पाहायला गेलो. तिथे आता हॅग्ली नावाचे संग्रहालय आणि ग्रंथालय आहे. गिरण्यांची बांधणी पाहण्यासारखी आहे: तीन भिंती जाडजूड दगडी आणि नदीकडची बाजू मुद्दाम हलकी, म्हणजे स्फोट झालाच तर तो पाण्याच्या दिशेने बाहेर पडावा. गेलो होतो त्या भिंतींसाठी, पण गुंतलो ते जाहिरातींच्या कागदांत. पुढे दोन-तीन वर्षे अशा चित्रांचा माग काढत राहिलो. त्या शोधातून हाती लागले ते इथे मांडतो आहे.

एका शब्दाबद्दल आधी बोलले पाहिजे. इंग्रजीत अशा पक्ष्यांना ‘गेम बर्ड’ म्हणतात. ज्याला मारणे हा खेळ, तो पक्षी. मराठीत ‘शिकार’ हा शब्द मारण्याच्या क्रियेलाही चालतो आणि मारल्या जाणाऱ्या प्राण्यालाही. ‘सावज’ म्हटले की मात्र नेम धरलेला असतो. या लेखातले पक्षी जाहिरातीच्या कागदावर जिवंत आहेत, कागदाबाहेर सावज आहेत. त्यांना शिकारपक्षी म्हणू. त्यांत रानबदके आली, रानहंस आले, पाणलावे आले, रानातली टर्की आली, आपल्या लाव्याचा नातलग शोभेल असा बॉबव्हाइट आला.

शिकारपक्ष्यांची रंगीत चित्रे घराघरांत पोचवण्याचे काम बंदूकवाल्यांच्या आधी सिगारेटवाल्यांनी केले. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातल्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८९ च्या सुमारास पन्नास शिकारपक्ष्यांची एक मालिका काढली. सिगारेटचे पाकीट तेव्हा मऊ कागदाचे असे. आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून एक कडक पत्ता घालत. त्या पत्त्यावर पक्षी. पाकिटे घेत गेलात की पक्षी जमत जातात, आणि एकोणपन्नास जमल्यावर पन्नासाव्यासाठी माणूस काय करतो हे काड्यापेटीची चित्रे जमवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच्याही आधी, १८७८ च्या आसपास, बोस्टनच्या अलेक्झांडर पोप या चित्रकाराने वीस मोठ्या पाटांचा एक संग्रह प्रसिद्ध केला होता. पण तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी. सिगारेटचा पत्ता हमालाच्याही खिशात जाई.

ही सगळी छपाई शिळाछापाची. एकेका रंगाला एकेक दगड. बदकाच्या मानेवरचा हिरवा, पंखावरचा निळा, छातीवरचा तांबूस, त्याखालचा फिकट पिवळा, असे दहा-बारा दगड एकावर एक नेमके बसले पाहिजेत. एक जरी केसभर सरकला तरी बदकाला दोन चोची येतात. आपल्याकडे रविवर्म्यांची सरस्वती आणि लक्ष्मी घरोघर गेली ती याच तंत्राने. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला त्यांचा छापखाना जर्मन यंत्रांवर आणि जर्मन कारागिरांच्या हाताखाली उभा राहिला. अमेरिकेतल्या शिळाछापातही जर्मनीहून गेलेल्या कारागिरांचा भरणा मोठा होता. म्हणजे रिचमंडचे बदक आणि मळवलीची लक्ष्मी ही एका अर्थी एकाच घराण्याची लेकरे. जुनी लक्ष्मी भिंगाखाली धरून पाहिलेल्याला ते बदक लगेच ओळखीचे वाटते: तेच ओबडधोबड टिपके, तोच किंचित जाडसर, तेलकट रंग.

आता या चित्रांच्या मागे, त्याच वर्षांत, रानात काय चालले होते ते पाहू. कारण चित्रे जसजशी सुंदर होत गेली, तसतसे पक्षी संपत गेले.

सर्वांत गाजलेले उदाहरण प्रवासी कबुतराचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या कबुतरांची संख्या तीन ते पाच अब्ज असावी असा अंदाज करतात. ती जाळ्यांनी धरली, बंदुकीने मारली, पिंपांत भरून रेल्वेने शहरांत विकली. नेमबाजीच्या स्पर्धांत तर जिवंत कबुतरे पेटीतून सोडून हजारोंनी टिपली जात. कबुतरे मिळेनाशी झाली तेव्हा सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉस्कीने १८८० साली मातीच्या तबकडीचे पेटंट घेतले; आजही नेमबाज तिला ‘मातीचे कबूतर’च म्हणतात. त्याच सिनसिनाटीच्या परिसरात १८८७ मध्ये पीटर्स कंपनीने काडतुसांचा कारखाना काढला. आणि सिनसिनाटीच्याच प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मार्था नावाची मादी मेली. तिच्याबरोबर ही जात पृथ्वीवरून गेली. मातीचे कबूतर, काडतूस आणि शेवटचे खरे कबूतर, तिन्ही एका गावात. कादंबरीकाराने असे योगायोग घातले तर आपण त्याला नावे ठेवू.

बदकांची गोष्ट वेगळी नव्हती. विल्मिंग्टनपासून थोड्याच अंतरावर चेसापीकचा उपसागर आहे. तिथे कॅनव्हासबॅक नावाचे बदक उतरे. शहरांतल्या बड्या हॉटेलांत त्याला फार मागणी. बाजारासाठी मारणारे लोक होडीच्या नाकावर तोफेसारखी बंदूक बसवून रात्री पाण्यात झोपलेल्या थव्यावर एकच बार काढत. आणि साध्या शिकाऱ्याच्या हातीही आता दुनळी राहिली नव्हती. १८९७ मध्ये विंचेस्टरने, पुढच्या दशकात रेमिंग्टनने अशा बंदुका आणल्या की ओळीने पाच बार काढता यावेत. नव्या दारूचा धूर होत नसे, त्यामुळे पहिल्या बारानंतर दुसरा पक्षी दिसेनासा होण्याची अडचणही संपली. जाहिरातीतली ‘बिनधुराची दारू’ ही नुसती स्वच्छतेची शेखी नव्हती. थव्यातून जास्त पक्षी पाडता येण्याचे ते आश्वासन होते.

न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नाडे यांनी १९१३ मध्ये नाहीशा होत चाललेल्या वन्य जीवांवर एक पुस्तक लिहून या बंदुकांवर आणि त्या विकणाऱ्यांवर कोरडे ओढले. कारखानदार मात्र त्याआधीच सावध झाले होते. त्यांचा हिशेब सरळ होता: पक्षी नाहीत तर शिकार नाही, शिकार नाही तर काडतुसे कोण घेणार? १९११ मध्ये विंचेस्टरच्या पुढाकाराने बंदूकवाल्यांनी पक्षीरक्षणासाठी झटणाऱ्या ऑडुबॉन संस्थेला वर्षाला २५,००० डॉलर देऊ केले. संस्थेने आधी होकार दिला, मग चहूकडून टीका झाल्यावर माघार घेतली. तेव्हा कारखानदारांनी त्याच वर्षी आपल्या पैशाने शिकारपक्ष्यांच्या रक्षणासाठी वेगळीच संस्था उभी केली. जॉन बर्नहॅम तिचे अध्यक्ष झाले. हॉर्नाडे यांना हे ढोंग वाटले. मला ते पूर्ण ढोंग वाटत नाही. कोळ्याला मासे हवे असतात तसे यांना पक्षी हवे होते, आणि स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा देशव्यापी कायदा व्हावा म्हणून या संस्थेने खरोखर खटपट केली.

या पार्श्वभूमीवर १९१७ साली ड्युपाँटने एक देखणी गोष्ट प्रसिद्ध केली: अमेरिकेतल्या शिकारपक्ष्यांची अठरा रंगीत चित्रे, सोबत मजकूर. चित्रे लिन बोग हंट यांची, मजकूर एडवर्ड हाऊ फोर्बुश यांचा.

दोन्ही माणसे समजून घेण्यासारखी आहेत. हंट यांचा जन्म १८७८ चा. डेट्रॉइटच्या एका वर्तमानपत्रात ते चित्रकार होते, मग न्यूयॉर्कला आले. पक्ष्यांत पेंढा भरण्याची विद्या त्यांना अवगत होती आणि ते स्वतः शिकारी होते. मेलेला पक्षी हातात घेऊन पंख उलगडणे, कातडीखालचा सांधा कुठे वळतो हे बोटांनी जाणणे, आणि उडता पक्षी बंदुकीच्या नळीवरून पाहणे, ही तिहेरी ओळख त्यांच्या चित्रांत उतरली आहे. पुढे शिकाऱ्यांच्या एका प्रसिद्ध मासिकाची शंभराहून अधिक मुखपृष्ठे त्यांनी केली. फोर्बुश हे मॅसॅच्युसेट्स राज्याचे सरकारी पक्षीतज्ज्ञ. १९१२ मध्ये त्यांनी आपल्या भागातल्या शिकारपक्ष्यांचा जाडजूड इतिहास लिहिला होता, आणि तो इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ऱ्हासाची नोंदवही होती. दारूच्या कंपनीने मजकुरासाठी नेमका हाच माणूस निवडला.

हंट यांच्या शिकारपक्ष्यांच्या चित्रांत काय असते? बहुधा नर आणि मादी दोन्ही. पक्षी भुईवरून नुकता उठलेला, किंवा पाण्यावर उतरायला पंख ताठ केलेला. मागे त्याचीच जागा: बदकामागे लव्हाळे, लाव्यामागे कापणी झालेले शेत. आणि नसते काय? माणूस. बंदूक. रक्त. त्याच्या आधीच्या पिढीतली शिकारीची चित्रे आठवून पाहावीत: दाराला उलटी टांगलेली बदके, मान लोंबलेली, शेजारी बंदूक आणि शिकारपिशवी. अलेक्झांडर पोप यांनीच अशी हुबेहूब चित्रे रंगवून नाव कमावले. त्या चित्रांत शिकार संपलेली आहे. हंट यांच्या चित्रांत ती सुरूही झालेली नाही. चित्रकार म्हणून सांगतो, या बदलात फार मोठी व्यापारी अक्कल आहे. मेलेला पक्षी पाहून माणूस म्हणतो, ‘वा, काय दिवस होता!’ उठणारा पक्षी पाहून त्याचा हात आपोआप खांद्याकडे जातो. ज्याला काडतुसे विकायची आहेत, त्याला कालचा दिवस विकून काय मिळणार?

पण त्याच बदलात एक लबाडीही आहे, आणि ती रंगांत नाही, संख्येत आहे. चित्रात पक्षी नेहमीच हजर असतो. कॅलेंडर भिंतीवर बारा महिने लटकते. त्यातला थवा विरळ होत नाही. डिसेंबरात दुकानदार नवे देतो, त्यात नवा थवा. प्रत्यक्षात ज्या पाणथळीवरून बापाच्या वेळी आकाश काळवंडून जाई, तिथे लेकाला सकाळभर बसून दोन बदके दिसत होती. एकेक पक्षी असा टवटवीत रंगवला की तो किती उरला आहे हा प्रश्न मनात येतच नाही. जाहिरातीच्या चित्रकाराला मोजायला कोणी सांगत नाही. मलाही कोणी कधी सांगितले नाही.

याच सुमारास एक गंमतीदार शेजार पाहायला मिळतो. चर्च अँड ड्वाइट ही खाण्याचा सोडा विकणारी कंपनी. सोड्याच्या पुड्यातही ती चित्रपत्ते घाली. १९०४ मध्ये तिने शिकारपक्ष्यांची एक मालिका काढली. १९१५ पासून मात्र तिने ‘उपयोगी पक्षी’ अशी मालिका सुरू केली: कीड खाऊन शेतकऱ्याचे भले करणारे पक्षी. त्या पत्त्यांवर पक्षी मारू नका अशी विनंती छापलेली असे. पुढच्या काही मालिकांची चित्रे लुई अगासी फुएर्टेस यांची, आणि पक्षीचित्रकार म्हणून त्यांचा अधिकार हंट यांच्याहूनही मोठा. सोडा घेणारी स्वयंपाकघरातली बाई, काडतूस घेणारा तिचाच नवरा. तिच्या पुड्यात निघालेला पक्षी म्हणतो वाचवा, त्याच्या दुकानातला म्हणतो या. शेजारी ठेवले तर चित्राच्या जातीत फारसा फरक नाही. दोन्ही जिवंत, सावध, आपापल्या झाडोऱ्यात. फरक मागच्या बाजूच्या मजकुरात. चित्र आपण होऊन कुठलीच बाजू घेत नाही, हे मी या दोन ढिगांमुळे शिकलो.

कधीकधी पक्ष्याचे चित्र निव्वळ कामाचेही असे. काडतूस निवडणे म्हणजे किचकट हिशेब: दारू किती, छर्रे वजनाने किती, आणि छर्‍याचा आकार कोणता. आकाराचे आकडे तर उलटे, आकडा मोठा तितका छर्रा बारीक. रानहंसाला दोन नंबर, बदकाला चार ते सहा, लाव्याला आठ, पाणलाव्याला नऊ, असा ढोबळ रिवाज. नवशिक्याची यात तारांबळ उडे. १९२० च्या दशकात रेमिंग्टनने यावर तोड काढली: प्रत्येक सावजाचे वेगळे काडतूस आणि खोक्यावर त्या सावजाचेच नाव आणि चित्र. बदक मारायचे तर बदकाचा खोका घ्या, लावा मारायचा तर लाव्याचा. कीटकनाशकाच्या डब्यावर बोंडअळी काढतात, तसेच हे. या खोक्यांसाठी आज संग्राहक भरपूर पैसे मोजतात. मूळ गिऱ्हाइकाने मात्र ते पंचवीस काडतुसे संपताच फेकून दिले. म्हणून तर ते दुर्मीळ.

संग्राहकांचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. बाजारात ‘जुनी’ म्हणून मिळणारी पत्र्याची गंजकी पाटी बहुतेक वेळा नवी असते. गंज बनवता येतो. कागदावरच्या चित्राला भिंग लावावे. टिपके वेडेवाकडे, दाटविरळ असतील तर शिळाछाप असण्याचा संभव. टिपके शिस्तीत, लहान लहान फुलांच्या नक्षीसारखे असतील तर चार रंगांची हाफटोन छपाई. कॅलेंडरचे चित्र असेल तर वर-खाली पत्र्याची पट्टी होती का, तारखांचे बाड कापून टाकले आहे का, ते पाहावे. चित्र जपून तारखा फाडणे हे मराठी घरांत जसे झाले तसे तिथेही झाले. त्यामुळे चित्र राहिले आणि साल गेले.

पुन्हा पक्ष्यांकडे. १९१६ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी स्थलांतरी पक्ष्यांबाबत करार केला, १९१८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि बाजारासाठी बदके मारणे बंद झाले. शिकाऱ्याला मात्र दिवसाला पंचवीस बदके मारायची मुभा राहिली. मग तीसच्या दशकात दुष्काळ पडला, उत्तरेकडची तळी आटली, बदकांची वीण बसली. १९३५ पर्यंत ही मर्यादा दहावर आली आणि बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे भरण्याचा नियम झाला. हॉर्नाडे यांची तक्रार वीस-बावीस वर्षांनी अशी अर्धीमुर्धी मान्य झाली.

दरम्यान कारखानदारांनी आणखी एक खर्च केला, आणि तो माझ्या मते त्यांच्या सगळ्या जाहिरातींहून मोलाचा. १९२८ पासून बंदूक-काडतूसवाल्यांच्या संघाने अल्डो लिओपोल्ड यांना मध्य-उत्तरेतल्या राज्यांत शिकारपक्ष्यांची पाहणी करायला पैसे दिले. लिओपोल्ड गावोगाव हिंडले. त्यांच्या १९३१ च्या अहवालाचा रोख असा की प्रश्न एकट्या बंदुकीचा नाही. शेतीची पद्धत बदलते आहे, बांधावरचा झाडोरा जातो आहे, पाणथळी उपसल्या जात आहेत. पक्ष्याला राहायला जागा हवी. काडतूस विकणाऱ्यांना हे ऐकायला सोयीचे होते हे खरे, पण म्हणून ते खोटे ठरत नाही.

त्या जागेसाठी पैसा आला तोही शिकाऱ्यांच्याच खिशातून. १९३४ पासून रानबदक मारणाऱ्याला एक डॉलरचे सरकारी तिकीट घ्यावे लागे. त्या पैशातून पाणथळी राखायच्या. पहिल्या तिकिटावरची मॅलार्डची जोडी व्यंगचित्रकार ‘डिंग’ डार्लिंग यांची, तेच तेव्हा संबंधित सरकारी खात्याचे प्रमुख. १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. आणि १९३९ च्या तिकिटावरची चिमुकली बदके कोणी काढली? लिन बोग हंट यांनी. बावीस वर्षांपूर्वी दारू खपावी म्हणून पक्षी काढणारा हात, आता तळे वाचावे म्हणून पक्षी काढत होता. चित्राची धाटणी काही बदललेली नव्हती.

आपल्याकडे ही गोष्ट अशी घडली नाही. शिकारपक्ष्यांची चित्रे इथेही निघाली, पण ती पुस्तकांत. ह्यूम आणि मार्शल यांचे तीन खंड १८७९ ते १८८१ या काळात कलकत्त्याला निघाले. त्यातल्या काही चित्रांवर ह्यूम स्वतःच इतके नाराज होते की त्यांनी ते पुस्तकातच सांगून टाकले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९०८ मध्ये स्टुअर्ट बेकर यांचा भारतीय बदकांवरचा सचित्र ग्रंथ काढला. त्याचे वाचकही बव्हंशी शिकारी, पण ते अंमलदार, मळेवाले, संस्थानिक. दुकानात येणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकासाठी इथे कोणी लाव्याचे कॅलेंडर काढावे इतका तो बाजार मोठा नव्हता. पुढे १९५१ चा मुंबई राज्याचा आणि १९७२ चा देशाचा कायदा आला आणि शिकारीचा प्रश्न निदान कागदोपत्री मिटला. ह्यूम यांच्या त्याच पुस्तकातला माळढोक, एके काळचे मानाचे सावज, आज देशभरात दीडशेहूनही कमी उरला आहे. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे. पक्षी जवळजवळ दिसत नाही. बंदुका थांबल्या, पण माळ नांगरले गेले, त्यावर विजेच्या तारा आल्या.

२०१९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचा एक मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. १९७० पासून तिथले सुमारे २.९ अब्ज पक्षी कमी झाले आहेत. त्या उतरत्या आकड्यांत बदके आणि रानहंस यांचा आकडा मात्र वर गेलेला, पन्नास टक्क्यांहून जास्त. माळरानातले पक्षी निम्म्याहून खाली. तिकिटाच्या पैशाने राखलेली तळी आणि नांगराखाली गेलेला माळ, हा फरक त्या दोन आकड्यांत सरळ दिसतो.

बॉबव्हाइट या हिशेबात वाईट बाजूला आहे. जाहिरातवाल्यांचा हा सर्वांत लाडका पक्षी. आपला पावशा जसा ‘पेर्ते व्हा’ म्हणतो, तसे याने शिट्टीत स्वतःचेच नाव घेतले म्हणून त्याला ते मिळाले. १९६६ पासून त्याची संख्या ८० टक्क्यांच्या वर घटली. शिकारीवर मर्यादा होती, कराचा पैसाही होता. तरी घटली. का, ते पाहायला मी पुन्हा त्या जाहिरातींकडे वळलो, आणि या वेळी पक्ष्यावर बोट ठेवून तो झाकला. मागे उरले ते असे: फाटक्या लाकडांचे वेडेवाकडे कुंपण, त्याच्या कोपऱ्यांत माजलेले तण आणि काटेरी झुडपे, पलीकडे मक्याचे खुंट, त्यांत सांडलेले दाणे. चित्रकारामागून चित्रकाराने लाव्यामागे हेच काढले आहे, कारण लावा खरोखर तिथेच राही. तणात लपे, खुंटांत चरे, झुडपात रात्र काढी. शेते मोठी झाली तशी कुंपणे काढली, तणनाशके आली, बांध सपाट झाले. आता त्या भागातून गाडीने जाताना मका रस्त्याच्या कडेपर्यंत असतो आणि पुढचा मका थेट क्षितिजापाशी सुरू होतो.